बरणीतलं पाणी निवळेना

गेल्या पावसाळ्यात मी तीन काचेच्या बरण्या खिडकीत मांडल्या होत्या. लोणच्याच्या, धुऊन घेतलेल्या. पहिलीत आमच्या वरच्या वावरातलं पाणी होतं; तिथे सोयाबीन उताराच्या दिशेनं उभं पेरलं होतं. दुसरीत त्याच उतारावरचं, पण धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मारवेल गवताचा पट्टा ओलांडून आलेलं पाणी. तिसरीत खालच्या तुकड्यातलं. तो तुकडा कालवा आल्यानंतर काही वर्षांत चोपण झाला आणि आता त्यात लव्हाळ्याशिवाय काही नीट उगवत नाही.

पहिल्या बरणीच्या तळाशी संध्याकाळपर्यंत काळ्या मातीचा जाड थर बसला. दुसरीतला थर त्याहून खूपच पातळ होता. तिसरी मात्र निवळलीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पाणी तसंच मातकट, दुधाळ. मग घरात उरलेल्या पोत्यातलं चमचाभर जिप्सम त्यात टाकून ढवळलं. थोड्या वेळानं मातीचे कण एकमेकांना धरू लागले आणि गुठळ्या होऊन खाली उतरू लागले.

यामागचं कारण साधं आहे. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांना एकत्र बांधतं, सोडियम त्यांना एकमेकांपासून तोडतं. चोपण जमीन म्हणजे सोडियम साठलेली जमीन. तिच्यावर पाऊस पडला की माती विरघळल्यासारखी सुटी होते, वर पापडी धरते आणि पाणी आत शिरेनासं होतं. मग ते वरूनच वाहतं आणि जाताना ती सुटी माती घेऊन जातं. असं पाणी ओढ्यातून नदीत आणि नदीतून धरणात गेलं, तरी त्यातली माती लवकर खाली बसत नाही.

त्या तिसऱ्या बरणीनं मला बरीच वर्षं न सुटलेली एक गोष्ट उलगडून दिली. आपल्याकडे धरणातल्या गाळाची काळजी जलसंपदा खातं करतं, खारवट-चोपण जमिनीची काळजी कृषी विद्यापीठ करतं आणि नदीच्या पाण्याची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळ करतं. कागदावर हे तीन विषय आहेत. वावरात ते एकच पाणी असतं. बेहिशेबी पडलेलं, बेहिशेबी सोडलेलं आणि बेहिशेबी वाहून गेलेलं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की, मराठवाड्यानं नदी-धरणांतून गाळ उपसण्यावर जेवढा पैसा आणि जेवढी उमेद खर्च केली, त्याचा मोठा वाटा आता माती आणि मीठ शिवारातच थांबवण्यावर लागला पाहिजे. आणि त्या कामाचं मोजमाप जेसीबीच्या तासांनी न होता ओढ्यातल्या पाण्यानं झालं पाहिजे.

आपण नदीच्या मधल्या टप्प्यावर राहतो, ही गोष्ट आपण सोयीनं विसरतो. पैठणच्या नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं, पाणलोट क्षेत्र २१,७५० चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला मोठा भाग नाशिक-अहिल्यानगरकडचा. तिकडची माती आपल्या धरणात येते. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेलं आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालेलं हे धरण, १०२ टीएमसींहून (अब्ज घनफुटांहून) जास्त क्षमतेचं. त्यातले सुमारे २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी सोडता न येणारं पाणी. गाळ बसेल तो या मृतसाठ्यात बसेल, अशी आखणी करतानाची समजूत असते. प्रत्यक्षात गाळ शिस्तीत तळाला जाऊन बसत नाही. नदी जलाशयात शिरते तिथेच तिचा वेग मरतो, आणि जड माती वरच्या अंगाला, म्हणजे जिवंत साठ्याच्या जागेतच पसरते. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की त्याच गाळावर लोक गाळपेर करतात. गाळपेरीचं पीक चांगलं येतं, कारण ती कुणाच्या तरी शेताची वरची चांगली माती असते.

आणि जसं आपल्याला वरून येतं, तसं आपण खाली देतो. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूर, बीदर करत तेलंगणात जाते. तिच्यावर निजामाच्या काळात नवाब अली नवाज जंग यांनी निजामसागर धरण उभारलं. १९३१ मध्ये ते पूर्ण झालं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्याची साठवण निम्म्याहून कमी झाली. तो गाळ कुठून आला असेल? सगळाच आमचा नसेल, पण आमच्या बालाघाटाच्या उतारांचा, केज-कळंब-लातूरच्या वावरांचा त्यात वाटा आहे. खाली गोदावरीवर तेलंगणातलं श्रीरामसागर धरण. बांधताना ११२ टीएमसींचा. १९९४ च्या पाहणीत त्यातले सुमारे ९० उरले होते. म्हणजे बावीस टीएमसी जागा मातीनं खाल्ली.

आता हा आकडा बाभळीशेजारी ठेवून बघा. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यातला बाभळी बंधारा हा २.७४ टीएमसींचा. त्यासाठी महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश ही दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावे लागतात. त्या भांडणात किती माणसं, किती वर्षं, किती वकील खर्ची पडले! आणि त्याच बंधाऱ्याच्या पुढच्या जलाशयात आठ बाभळींएवढी जागा गाळानं भरून गेली. त्यावर ना मोर्चा निघाला, ना खटला. पाणी दुसऱ्यानं नेलं की आपल्याला दिसतं. मातीनं पाण्याची जागा नेली तर दिसत नाही, कारण वरून जलाशय भरलेलाच दिसतो.

देशाच्या मातीच्या धुपीचा जुना, आणि आजही वारंवार सांगितला जाणारा हिशेब १९८३ मध्ये ध्रुवनारायण आणि रामबाबू यांनी मांडला. वर्षाला हेक्टरी सरासरी सोळा टनांहून थोडी जास्त माती जागची हलते. तिच्यातली दहा टक्के जलाशयांत बसते, २९ टक्के समुद्राला मिळते आणि उरलेली इकडची तिकडे होते. सोळा टन म्हणजे किती? वावरभर पसरली तर मिलिमीटरहून जरा जास्त. एवढ्यानं काय होतं, असं वाटतं. पण मातीचा एक इंच तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, आणि हा मिलिमीटर दरवर्षी वरचाच जातो. खत, शेणखत, कुजलेला पालापाचोळा, सगळं ज्या थरात असतं नेमका तो. डीएपी खतातला स्फुरद (फॉस्फरस) तर मातीच्या कणालाच चिकटून बसतो. मातीबरोबर तो गेला म्हणजे साडेतेराशे रुपयांचं पोतं आपण वावरात टाकलं आणि त्यातलं काही ओढ्याला दिलं.

काळी माती या बाबतीत मोठी फसवी आहे. उन्हाळ्यात ती एवढी भेगाळते की वासराचा पाय अडकावा. पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो, म्हणून सुरुवातीला वाटतं की ही जमीन कितीही पाणी पिईल. पण एकदा का भिजून फुगली, भेगा मिटल्या, की तीच जमीन तोंड मिटून घेते. त्यानंतरचा जोराचा पाऊस जवळजवळ सगळा वाहतो. मराठवाड्याचा पावसाळा सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपासचा. कागदावर तो वाईट नाही. पण तो असा पडत नाही. पंधरा-वीस दिवस ओढ आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणेच्या काठांनी जे पाहिलं ते आठवा. पिकं गेली, ती पुढच्या हंगामात पुन्हा येतील. ज्यांची जमीनच खरडून मुरूम वर आला, त्यांना पेरायला काही उरलं नाही. सरकारनं खरडून गेलेल्या जमिनीसाठी वेगळी मदत जाहीर केली ते योग्यच झालं. मात्र त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: माती गेल्यावर द्यायला पैसा निघतो. तो माती जाण्याआधी का निघू नये?

गाळ काढण्याच्या कामाला माझा विरोध नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली ती पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या काळात लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरेच्या पात्रातला गाळ काढला, ते काम डोळ्यांनी पाहिलेला माणूस त्याला कमी लेखणार नाही. २०१७ मध्ये राज्यानं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, २०२३ मध्ये ती नव्यानं सुरू केली. मुरमाड, बरड जमिनीवर तलावातला गाळ पसरला की चार वर्षं पिकाची तब्येत बदलते, हेही खरं.

पण या योजनेच्या नावातच तिची उणीव आहे. धरणातून शिवाराकडे एवढाच प्रवास तिला माहीत आहे. शिवारातून धरणाकडे होणाऱ्या उलट्या प्रवासावर ती बोलत नाही. गाळ काढला, ट्रॅक्टर-टिप्परनं वाहिला, वावरात ओतला. वावराला धुरा नाही, उतार तसाच, पेरणी उभी. तीन-चार पावसाळ्यांत त्यातला बराच गाळ आला तिथे परत. नदी-नाला खोलीकरणात तर मी याहून वाईट पाहिलंय. काढलेला गाळ काठावरच ढिगारे करून ठेवतात, आणि मृगाचा पहिला पाऊस त्याला पुन्हा पात्रात ढकलतो. तोवर मोजमाप होऊन बिल निघालेलं असतं. शिवाय सगळाच गाळ सगळ्या जमिनीला चालत नाही. भारी काळ्या जमिनीवर चिकणमातीचा गाळ टाकला तर निचरा आणखी बिघडतो, आणि कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या तलावाचा गाळ खारा असू शकतो. टाकण्याआधी तो तपासून घेतला असं मी फार थोड्या ठिकाणी ऐकलं.

आता धुऱ्याकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मुळी तिथे आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले आणि बांधबंदिस्ती केली. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, आणि बांध-ताली घालण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. आमच्या वडिलांच्या पिढीच्या हातचे ते बांध. त्यांतले किती आज उभे आहेत? जमिनीच्या वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर आला, लांब तास, म्हणजे पेरणीची सलग ओळ, हवं म्हणून आडवे बांध मोडले. उरले त्यांना दोन्ही बाजूंनी नांगराचा फाळ लागला. बांध कोरण्यावरून भावाभावांत कोर्टकज्जे होतात हे खेड्यात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या भांडणात विषय असतो तो दोन वितीच्या जमिनीचा. बांध कोरला म्हणजे पाण्याला वाट दिली, हे कुणी बोलत नाही. ज्या राज्यानं मजुरी देऊन बांध घातले, त्याच राज्यात तो बांध मोडताना कुणी विचारत नाही.

मी हा विषय एका शेजाऱ्यापुढे काढला, तेव्हा तो म्हणाला, “काका, चार तासं गवताला सोडायची म्हणजे पोतंभर सोयाबीन गेलं की. माझं हायच केवढं?” त्याचं खोटं नाही. राज्यातलं सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टरवर आलं. त्याच्याकडे तर तेवढंही नाही. त्याच्या चार तासांनी जी माती अडते, तिचा फायदा खालच्या शेतकऱ्याला, नांदेडच्या नळाला आणि तेलंगणातल्या धरणाला होणार. नुकसान मात्र एकट्याचं. म्हणूनच ‘शेतकऱ्यांनी मातीचं महत्त्व ओळखावं’ असली भाषणं मला आता ऐकवत नाहीत. महत्त्व त्याला ठाऊक आहे. त्या चार तासांचं सोयाबीन भरून द्या, मग बघा. धरणातला घनमीटर गाळ काढायला सरकार पैसे मोजतं. तो घनमीटर वावरातच अडवणाऱ्याला का मोजू नयेत?

आणि अडवता येतो. हे अंधारातलं काम नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला, म्हणजे मांजरेच्याच खोऱ्याच्या कुशीत, इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७६ पासून काळ्या जमिनीवर दोन पद्धतींची तुलना करत आली. एकीकडे पावसाळ्यात जमीन मोकळी ठेवून रब्बीला पेरायची जुनी रीत. दुसरीकडे रुंद वरंबा-सरी (रुंद उंचवट्यावर पीक आणि शेजारी पाण्याची सरी), मंद उताराच्या सऱ्या, गवताचे पाणवाटे आणि पावसाळ्यातही उभं पीक. जुन्या रीतीत हेक्टरी वर्षाला साडेसहा टनांवर माती गेली, नव्या पद्धतीत दीड टनाच्या आसपास. वाहून जाणारं पाणीही बरंच कमी झालं. माती तीच, पाऊस तसाच. फरक होता तो पाणी कुठून आणि किती वेगानं जाईल हे माणसानं ठरवण्याचा.

तेच रुंद वरंबा-सरीचं तंत्र परभणीच्या कृषी विद्यापीठानं सोयाबीन-हरभऱ्यासाठी वर्षानुवर्षं सांगितलंय. अशी सरी पाडणारं बीबीएफ यंत्र आता कृषी खात्याच्या प्रत्येक प्रदर्शनात उभं असतं. ज्याच्याकडे यंत्र नाही, तो चार-सहा तासांमागे एक तास मोकळं सोडून डवऱ्याला दोरी बांधून सरी पाडतो. जास्त पावसात सरीतून पाणी निघतं आणि ओढ पडली तर सरीत ओल टिकते. अट एकच: सरी उताराला आडवी हवी. उताराला उभी पाडलेली सरी म्हणजे आपणच खोदलेली ओघळ. यंत्रावर अनुदान आहे, पण यंत्र कोणत्या दिशेनं चालवलं हे बघायला कुणी येत नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी मांडलेलं बिननांगरणीचं सगुणा तंत्र मराठवाड्यातल्याही काही शेतकऱ्यांनी सोयाबीन-कपाशीत धरलंय. आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच राहू द्यायची, गादीवाफे मोडायचे नाहीत. मुळ्यांनी बांधलेली माती पाण्याला सहज सुटत नाही. तणनाशकावर त्या पद्धतीचा भर मला खटकतो. पण माती धरून ठेवण्यात तिचा उपयोग आहे, हे मान्य करायला हवं.

गावपातळीवर सगळ्यात दूरदृष्टीचं काम जालन्याजवळच्या कडवंचीचं. विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात १९९६ पासून तिथे ‘माथा ते पायथा’ काम केलं. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर, मग शेतांचे बांध, मग ओघळींत अनघड दगड, आणि सगळ्यात शेवटी नाल्यातले बंधारे. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्या गावाच्या द्राक्षांची आणि शेततळ्यांची चर्चा पुष्कळ झाली. शेततळी विहिरीच्या पाण्यानं भरण्यावर टीकाही झाली आणि ती मला पटते. पण मूळ काम क्रमाचं होतं. राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेनं २०१५ नंतर हा क्रम अनेक ठिकाणी उलटा केला. माथा सोडून थेट पायथ्याशी नाला खोल करायला यंत्रं लावली, कारण तिथे महिन्याभरात फोटो काढण्याजोगं काम होतं. माथ्यावरच्या चराचा फोटो कोण काढणार?

इथपर्यंत मातीचं झालं. मिठाचं दुखणं कोरडवाहू मराठवाड्यात बोललं की लोक आश्चर्य करतात. प्यायला पाणी नाही तिथे जमिनीत पाणी साठून मीठ कसं होईल? विदर्भातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती पूर्णा तापीला मिळणारी आहे आणि तिथला खार मूळचाच, निसर्गाचा. आपली पूर्णा वेगळी, गोदावरीची. आपलं मीठ बहुतांशी आपण आणलेलं आहे.

हिशेब करून बघा. कालव्याचं पाणी कितीही गोड असलं तरी त्यात क्षार असतातच. लिटरला पाव ग्रॅम धरू. हे पाणी चवीला उत्तमच लागेल. उसाला मोकाट पद्धतीनं वर्षात दोन मीटर पाणी दिलं, तर हेक्टरी वीस हजार घनमीटर झालं. त्यातून पाच टन क्षार त्या हेक्टरात आले. पाणी ऊस पितो, ऊन उडवून नेतं. ऊस क्षार फारसे नेत नाही, ऊन तर मुळीच नाही. निचरा चांगला असेल तर ते पावसानं खाली धुऊन जातात. पण काळ्या भारी जमिनीत पाणी खाली जायला जागाच नाही. पाणपातळी वर येते, तिच्याबरोबर जुने क्षारही वर येतात, उन्हाळ्यात वावराच्या सखल कोपऱ्यात पांढरी खपली दिसते. आधी हरभरा जळतो, मग गहू, मग ज्वारी पिवळी पडते. आमच्या खालच्या तुकड्यात हे असंच झालं. वडील पहिली काही वर्षं म्हणायचे, “शेणखत कमी पडलंय.” ते कमी पडलं नव्हतं, पाणी जास्त झालं होतं.

जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या दोनशे किलोमीटरच्या वाटेवर, अंबडपासून परभणीपर्यंत, असे तुकडे गावोगावी भेटतात. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसेल, तर आलेलं पाणी माणूस वावरात कोंबूनच घेणार. वीज रात्रीची, पाटाचं दार मोडून पाणी सोडलं की ते सकाळपर्यंत तसंच. चारीचं, म्हणजे छोट्या पोटकालव्याचं, अस्तर फुटलेलं, तिचा झिरपा बारमाही. टेलच्या गावाला पाणीच पोचत नाही, आणि डोक्याकडच्या गावाची जमीन पाण्यानं कुजते. एकाच कालव्यावर ही दोन्ही दुःखं नांदतात. घनमापनावर, म्हणजे मोजून, पाणी देणाऱ्या पाणीवापर संस्थांचा कायदा २००५ मध्ये झाला. २०१७ मध्ये मंत्रिमंडळानं लाभक्षेत्रातल्या उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं. त्या ठरावाचं काय झालं ते गेवराई-माजलगाव भागातल्या उसाच्या फडात जाऊन बघावं. पाटानंच पाणी फिरताना दिसेल.

बोअरचं पाणीही यात आहे. लातूर-धाराशिवकडे हजार फुटांपर्यंत गेलेल्या बोअरमधून मचूळ पाणी निघतं आणि तेच बागेला दिलं जातं. गावोगावच्या जारच्या पाण्याच्या यंत्रांतून टाकून दिलेलं जास्त खारं पाणी नालीत जातं. शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी यांचा वाटा मोठा आहे. छत्रपती संभाजीनगरची खाम नदी हे सगळं घेऊन गोदावरीकडे जाते. त्यावर लिहायला स्वतंत्र लेख लागेल, आणि तिथे नळाचं तोंड कुठे आहे हे तरी माहीत आहे. वावरातून येणाऱ्या मिठाला तोंड नाही. ते हजार ओघळींतून येतं.

क्षारपड जमिनीवर उपाय विचारला की पहिलं उत्तर येतं निचऱ्याचं: उघडे चर खणा, सच्छिद्र पाइप गाडा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात साखर कारखान्याच्या पुढाकारानं भूमिगत निचऱ्याचं मोठं काम झालं, पडीक जमीन पुन्हा पिकली. मराठवाड्यातही ते हवं आहे. पण चरातून निघालेलं खारं पाणी जातं कुठे, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते करू नये. आपल्या वावराचं मीठ ओढ्यात सोडलं म्हणजे खालच्या गावाच्या विहिरीत सोडलं. म्हणून इथेही क्रमच महत्त्वाचा. आधी पाणी कमी आणि मोजून द्यायचं, चारीचा झिरपा थांबवायचा. मग जिप्सम टाकून, धैंचा-तागासारखं हिरवळीचं खत गाडून जमीन मोकळी करायची. त्यानंतरही उरेल तेवढ्यापुरताच निचरा. निचरा आधी आणि ठिबक नंतर असं केलं, तर आपण मीठ नदीत ढकलायची एक चांगली पाइपलाइन तेवढी बांधू.

मला सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आक्षेप असा: आता पाऊसच असा पडतो की बांध टिकत नाहीत, गवत काय करणार? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण २०२५ मध्ये आमचाही एक बांध फुटला. फुटला तो सांडवा नव्हता म्हणून. मातीच्या बांधाला पाणी काढून द्यायची दगडी वाट नसेल, तर तो मोठ्या पावसात धरणासारखा फुटतो आणि खालची जमीन आणखी खरडते. सांडव्याशिवायचा बांध घालण्यापेक्षा न घातलेला बरा. पण सांडवा, त्याखाली दगडांची पिचिंग, पाणवाटेत वाळा किंवा मारवेल, हे सगळं असेल तर तो फुटणं ही क्वचितची गोष्ट होते. अतिवृष्टीत सगळी माती थांबणार नाही, कबूल. रोजच्या पावसात जाते तेवढी जरी थांबली, तरी फरक पडेल.

मग पैसा कुठे आणि कसा द्यायचा? मी अधिकारी नाही, पण खेड्यात जे चालेल असं वाटतं ते सांगतो. ओढ्याच्या दोन्ही काठांना ठरावीक रुंदीचा गवताचा पट्टा राखणाऱ्याला वर्षाचं ठरावीक भाडं द्यावं, चारा त्याचाच. आडव्या सरीवर पेरणाऱ्याला पेरणीनंतर वावर पाहून पैसे मिळावेत, यंत्राच्या पावतीवर नकोत. रोजगार हमीतून दरवर्षी बांध-सांडव्यांची डागडुजी व्हावी, कारण डागडुजीला कधी उद्घाटन नसतं म्हणून ती होत नाही. काढलेल्या गाळाचं बिल देताना, तो ज्या शेतात टाकला त्याला बांध आहे का, हे आधी बघावं. आणि पाणीवापर संस्थेला तिच्या चारीचं पाणी खरोखर मोजून द्यावं. तिनं वाचवलेलं पाणी तिचंच राहावं.

मोजमाप मात्र ओढ्यावर. यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. क्षार मोजायचं खिशातलं यंत्र एखाद्या कीटकनाशकाच्या बाटलीच्या किमतीत मिळतं. गढूळपणासाठी काचेची बरणी पुरते. ओढा गावाच्या शिवेतून बाहेर पडतो तिथे पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर एकाच जागेवरून पाणी भरायचं, तारीख लिहायची, शाळेतली मुलं ते आनंदानं करतील. वाल्मी म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था १९८० पासून छत्रपती संभाजीनगरात आहे. तिच्या नावात जल आणि भूमी एकत्र आहेत. तिनं आणि परभणी विद्यापीठानं मिळून पद्धत आखून दिली, तर प्रत्येक गावाला आपल्या ओढ्याची नोंदवही ठेवता येईल. खालच्या गावानं वरच्या गावाला विचारावं, “तुमच्या शिवेतून काय सोडलंत?” आणि वरच्या गावाकडे दाखवायला नोंद असावी.

आमच्या खालच्या तुकड्यात यंदा जिप्सम आणि धैंचा टाकतोय. वरच्या वावरात सोयाबीन आडव्या सरीवर घेणार आहे, आणि त्या शेजाऱ्यानं त्याच्या बाजूची दोन तासं सोडायचं कबूल केलंय. चार नाही, दोन. चौथी बरणी धुऊन ठेवली आहे. ती त्याच्या ओघळीसाठी.